तेरावी बांगडी

करोडगिरी म्हटलं की आजच्या पोरांना ते कुणाचं तरी आडनाव वाटतं. माझा नातू पुण्याला असतो, कसल्याशा मोठ्या परीक्षेचा अभ्यास करतो. पास झाला तर परदेशी व्यापाराच्या सरकारी खात्यात लागेल म्हणे. मागच्या उन्हाळ्यात घरी आला होता. पुस्तकांच्या ढिगातून मान वर काढून मला म्हणाला, "आजोबा, तुम्हाला नाही कळायचं हे. आंतरराष्ट्रीय व्यापार आहे." मी म्हटलं, "बाबा रे, मी बी हीच परीक्षा दिल्ती. आन् उर्दूत दिल्ती." तो इतका हसला की त्याची आजी काय झालं म्हणून बाहेर आली. त्या दिवशी त्याला जे सांगितलं तेच इथं लिहून काढतो. उद्या दुसऱ्या कुणाचा नातू हसला तर त्याच्यापुढं ठेवायला हाताशी कागद असलेला बरा.

आमचं जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. निजामाचा सिक्का वेगळा, टपाल वेगळं, आणि राज्यात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर कर घेणारं खातंही वेगळं. ते खातं म्हणजे करोडगिरी. जालन्याहून निघालं की देऊळगाव राजाच्या अलीकडं आमचं राज्य संपायचं आणि इंग्रजी अंमलाखालचं वऱ्हाड सुरू व्हायचं. मध्ये समुद्र नाही की डोंगर नाही. एक नाला, त्याच्या अलीकडं पत्र्याची एक खोली, रस्त्यावर आडवं टाकलेलं लाकूड आणि खोलीपुढं एक खुर्ची. पलीकडची माणसं आपलीच, बोली तीच, सोयरीकही तीच. पण पलीकडचा लुगड्यांचा गठ्ठा अलीकडं आला की तो परदेशी माल झाला! माझ्या नातवाला परदेशात जायला विमान लागणार आहे, मला बैलगाडी पुरत होती.

त्या खुर्चीवर बसायचा तो अमीन. मालासोबत व्यापाऱ्याची यादी असायची, तिला बीजक म्हणत. अमीनानं माल उघडायचा, बीजकाशी ताडून बघायचा, किंमत ठरवून कर घ्यायचा आणि पावती द्यायची. जालन्याच्या स्टेशनात मालधक्क्यावर हेच काम मोठ्या प्रमाणावर चाले. आमचा कापूस मुंबईला आणि तिथून जहाजानं विलायतेला, जपानला जायचा; तिकडून सुया, छत्र्या, कापड आणि काच आमच्याकडं यायची. ऐकायला सोपं वाटतं. पण माणूस नाक्यावर आला की एकदम भोळा होतो. एकदा लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीतून नवरी उतरली, ती चालेचना. अंगावरच्या कपड्याला कर नसतो, म्हणून तिला एकावर एक पाच लुगडी नेसवली होती. भर वैशाखात! पोरगी घामानं निथळून राह्यली होती. अमीनांनी तिला सावलीत बसवून पाणी पाजलं आणि कर मात्र सासऱ्याकडून चार लुगड्यांचा घेतला.

आम्ही राजूरचे कासार. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, खांद्यावर बांगड्यांच्या माळा आणि पाठीवर गाठोडं घेऊन केदारखेड्यापासून जालन्यापर्यंत हिंडायचे. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला माणूस लोटायचा, त्या दिवशी ते देवळाच्या वाटेवर बसायचे. माल भरायचे देऊळगाव राजाहून. तो कोणत्या वाटेनं आणायचे हे आता सांगायला हरकत नाही. नाक्याच्या थोडं बाजूनं, ज्वारीच्या रानांमधून एक पाऊलवाट जायची. झाडून सगळे फेरीवाले त्याच वाटेनं यायचे, आबाही यायचे. म्हणजे करोडगिरी चुकवून आणलेल्या बांगड्यांच्या भाकरीवर मी वाढलो, आणि मिसरूड फुटल्यावर करोडगिरीतच उमेदवार म्हणून चिकटलो. देवाला अशा गमती सुचतात.

उमेदवार म्हणजे बिनपगारी. परीक्षा पास होईपर्यंत मालधक्क्यावर फुकट राबायचं. परीक्षेला दोनदा बसायला मिळायचं. दुसऱ्यांदा उडालं की यादीतून नाव कायमचं गेलं. मी पहिल्या वेळी उर्दूत उडालो होतो. मराठी आणि मोडी माझी झकास होती, पण सरकारला तिचा काही उपयोग नव्हता.

त्यात आबांची बोटं आखडत चालली होती. कासाराचं भांडवल त्याच्या बोटांत असतं. बाईचा हात हलके दाबायचा, अंगठ्याचं हाड आत घ्यायचं आणि बांगडी अशी चढवायची की तिला कळ लागू नये, काचेलाही तडा जाऊ नये. आबांना सकाळी पाण्याचा तांब्या धरवेनासा झाला होता. पहिला निकाल लागला त्या शुक्रवारी मी घरी गेलो (तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे). आबा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

"दीड साल झालं, फुकट राबून राह्यला तू," ते म्हणाले. "एक तर हे गाठोडं उचल, न्हाई तर पगार आण. दोन्हीतलं काय बी चालंल मला. पर एक कर आन् जल्दी कर. माझे हात आता लई दिवस न्हाईत."

"आणिक एक डाव बसू द्या, आबा."

"बस की. पर उर्दू शिकवणार कोण तुला? तुझा गणपती?"

आणि शिकवणारं घर शेवटी आबांनीच शोधून दिलं. जालन्यात कादराबादेत एक म्हातारे अमीनसाहेब राहायचे. पुष्कळ वर्षं करोडगिरीत काढून घरी बसलेले. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. त्यांच्या बीबी पडद्यातल्या. आबा वर्षानुवर्षं त्या घरी बांगड्या भरायला जायचे. पडद्याच्या फटीतून एक गोरा हात बाहेर यायचा, आबा बांगड्या भरायचे, हात आत जायचा. एवढीच ओळख. पण आबांनी शब्द टाकला आणि त्या घरानं मला ठेवून घेतलं. बीबींना मी खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागलो. फीचं विचारलं तेव्हा अमीनसाहेब म्हणाले, "तुझ्या आबाला इचार, आमच्या बीबीच्या हातात त्यानं किती वरच्या बांगड्या चढवल्यात. त्यातच वळती करून टाक."

ही वरची बांगडी काय ते सांगायला हवं, कारण माझी सगळी गोष्ट तिच्यावरच अडली होती. आमच्या घरी माळ बांधली जायची तेरा बांगड्यांची, आणि म्हणायची बाराची. बारा गिऱ्हाइकाच्या, त्यावरची एक देवीची. ती बाईला फुकट भरायची. आबा म्हणायचे, सौभाग्य मोजून देऊ नये. आणि मोजायची तरी कशी? बांगडीवर तेरा हा आकडा उच्चारायचाच नाही, तेरावा दिवस कशाचा असतो ते सगळ्यांना माहीत आहे. मोजताना "अकरा, बारा, आन् वरची" असं म्हणून दुसरी माळ घ्यायची. बोलायला शिकलो तेव्हापासून माझी जीभ बाराच्या पुढं कधी गेली नव्हती.

तर शिकवणी सुरू झाली. अमीनसाहेबांना दिसत नव्हतं, म्हणून माझी पाटी तपासायच्या खाला. मी बोरूनं लिहायचं, पाटी पडद्याखालून आत सरकवायची. जरा वेळानं आतून आवाज यायचा, "तेरे नुक्ते कां गये रे रंगनाथ? मक्ख्यां ले गये क्या?" नुक्ते म्हणजे अक्षरांवरचे ठिपके, ते विसरण्यात माझा हात कुणी धरला नसता. पाटी धुऊन परत बाहेर यायची. त्या बाईनं माझ्याकडून एक-एक ओळ दहा-दहा वेळा लिहून घेतली, आणि एकदाही आवाज चढवला नाही. माझ्या आईनंही माझ्यासाठी एवढा धीर धरला नव्हता. आणि आईबद्दल मी हे उगीच बोलणार नाही.

अमीनसाहेबांची रीत वेगळी. ते माझाच रुमाल माझ्या डोळ्यांना बांधायचे आणि हातावर काहीतरी ठेवायचे. "सांग, काय हाय." कधी रेशीम, कधी जपानी नकली रेशीम. कधी रुई, बोटांत तिचा धागा ओढून लांबी सांगायची आणि वजन वाढवायला पाणी मारलंय का तेही सांगायचं. कधी हिंग, तो सोपा, वास लपतच नाही. मी चुकलो की म्हणायचे, "आंखां झूट बोलते बेटा. बीजक बी झूट बोलता. हात को पूछ." एक दिवस त्यांनी बांगड्या दिल्या. मी पटापट सांगितलं, ही जपानी, ही आपल्याकडची. जपानी बांगडीचा सांधा हाताला लागत नाही. आपल्याकडच्या भट्टीच्या बांगडीला सांध्याशी बारीक उंचवटा असतो. अमीनसाहेब खूश झाले. "हे तुला म्या न्हाई शिकवलं," ते म्हणाले. "हे तुझ्या आबानं शिकवलं. त्याला सांग बराबर."

मी आबांना सांगितलं नाही. तेव्हा वाटायचं, त्यात काय सांगायचं. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

दुसऱ्या वेळची परीक्षा आली. उर्दूचा कागद व्यवस्थित गेला. नुक्ते टाकताना पडद्यामागचा आवाज ऐकू येत होता. नियमांचाही कागद गेला. मग मालधक्क्यावर हाताची परीक्षा. ती घ्यायला खात्याचे वरचे अधिकारी, मोहतमीमसाहेब, खास आले होते. काळी शेरवानी, बारीक चष्मा. प्रत्येक उमेदवारापुढं आलेल्या मालातला एक-एक डाग, म्हणजे पेटी नाही तर गठ्ठा, ठेवला होता. बीजक हातात द्यायचं. उमेदवारानं माल मोजून, ओळखून लिहून द्यायचा.

माझ्यापुढं मुंबईहून आलेली लाकडी पेटी ठेवली. झाकण उघडलं तर आत बांगड्या! मी मनातल्या मनात राजूरच्या गणपतीला नारळ कबूल केला. बीजकात लिहिलं होतं: जपानी काचेच्या बांगड्या, माळा चाळीस, दर माळेत बारा. मी मोजायला घेतलं. बोटं आपोआप चालत होती. शेजारचा उमेदवार कंदिलाच्या काचा मोजताना घामाघूम झालेला मला दिसत होता आणि मला त्याची कीव येत होती. चाळीस माळा मोजून सगळ्यांच्या आधी कागद दिला. माल बीजकाबराबर.

मोहतमीमसाहेबांनी शिपायाला एक माळ मोजायला सांगितली. शिपाई म्हणाला, "हुजूर, तेरा."

दुसरी मोजली. तेरा. तिसरीही.

मला अजूनही चूक कळली नव्हती, इतकी ती माझ्या रक्तातली होती. साहेबांनी चष्मा काढला आणि माझ्या बापाचा धंदा विचारला. मी सांगितलं. "अच्छा," ते म्हणाले. पुढचं सगळं उर्दूत बोलले, आणि उर्दूत अपमानसुद्धा अदबीनं होतो. सार एवढंच, की ज्या अमीनाला जातभाईच्या पेटीतल्या चाळीस बांगड्या दिसत नाहीत, त्याच्या हाती सरकारनं नाका देऊ नये. म्हणजे मी नुसता चुकलो नव्हतो, मी चोर ठरत होतो. समोर आबांची आखडलेली बोटं दिसली. यादीतून नाव जाणार आणि चोर म्हणून जाणार.

"हुजूर, मी लबाडी केली न्हाई," मी म्हणालो. उर्दू सगळी पळून गेली होती, मराठीच तोंडात आली. "आमच्यात बांगडीवर तेरा म्हणत न्हाईत. वरची देवीची असती. ती मोजतच न्हाईत, म्हणून मोजली न्हाई."

साहेबांच्या कारकुनानं, पेशकारानं, ते साहेबांना उर्दूत समजावून सांगितलं. साहेबांनी चष्मा परत चढवला आणि म्हणाले, "ठीक आहे. आता मोज. मोठ्यानं. चाळीसच्या चाळीस."

सगळे उमेदवार आपापलं काम सोडून बघत होते. मी पहिली माळ घेतली. एक, दोन, तीन... अकरा, बारा. आणि थांबलो. हसू नका, पण माझ्या डोळ्यांपुढं बायांचे हात आले. आईचा, बहिणीचा, आबांच्या पुढ्यात बसणाऱ्या शंभर बायांचा. त्यातल्या कुणाचं वाईट व्हावं म्हणून मी आकडा बोलणार होतो की काय? साहेब वाट बघत होते. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "तेरा."

काही झालं नाही. शंट करणारं इंजिन तेवढं ओरडलं.

डोळे मी मिटलेलेच ठेवले, उघडायची लाज वाटत होती. आणि त्यामुळंच सहाव्या-सातव्या माळेला बोटं अडखळली. आधीच्या बारांचा सांधा लागत नव्हता. वरचीच्या सांध्याला बारीक उंचवटा होता. पुढची माळ घेतली, तसंच. त्यापुढची, तसंच. वर्षभर डोळ्यांना रुमाल बांधून घेतल्याचं त्या क्षणी सार्थक झालं. मी थांबलो.

"हुजूर, ह्यातल्या बारा जपानी हायेत. वरची जपानी न्हाई. ती देशी हाये, प्रत्येक माळेत. मुंबईत माल बांधणारा आमच्यासारख्याच घरचा असंल. त्यानं आपल्या पदरची देवीची म्हणून टाकली. चोरीची असती तर सारखीच जपानी टाकली असती."

साहेबांनी स्वतः माळ हातात घेतली. सांधा चाचपला. काही लागलं नसावं. त्यांनी कधी बांगडी चाचपली होती? मग पेशकाराला दिली, पेशकारानं मान हलवली.

"देवीची आहे," साहेब म्हणाले. "मग तिच्यावर कर लागेल की नाही लागणार?"

हा खरा सवाल होता. मी म्हणालो, "लागंल, हुजूर. देशी असली तरी राज्याबाहेरून आली. बीजकात न्हाई, म्हणून वेगळी लिहायची. चाळीस."

"लिही. आणि ध्यानात ठेव, देवीची बांगडी घरी. नाक्यावर तेरा म्हणजे तेरा."

निकाल लागला तेव्हा यादीत माझं नाव शेवटचं होतं. पण यादीत होतं. त्या मोहतमीमसाहेबांचे मी मनात कित्येकदा पाय धरले आहेत. नापास करून निघून जाणं त्यांना सोपं होतं. मोजायला लावलं, हा त्यांचा मोठेपणा.

पेढे घेऊन कादराबादेत गेलो. अमीनसाहेबांनी नाका कोणता मिळाला ते विचारलं. "देऊळगावच्या वाटंवरचा," मी म्हणालो. ते हसायला लागले. "त्या खुर्चीवर म्या सहा साल काढलेत. तिथून ज्वारीचं रान लई झकास दिसतंय." मला त्यातलं काही उमगलं नाही, पण पडद्यामागं खालाही हसल्या. मग फटीतून हात बाहेर आला. मी आबांकडून माळ मागून आणलीच होती. जन्मात त्या एकदाच मी कासारकी केली. बारा भरल्या आणि वरची न बोलता चढवली. खालांचं तोंड मी कधी पाहिलं नाही, पण तो हात आजही ओळखीन. पुढं वाईट दिवस आले, माणसं एकमेकांकडं धर्म बघून बघायला लागली. कुणी माझ्यापुढं त्या भाषेत बोलू लागलं की मला तो हात आठवायचा आणि मी उठून जायचो. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

नाक्यावर रुजू झालो. पहिल्या दिवशी खुर्चीत बसलो, समोर बघितलं आणि अमीनसाहेब का हसले ते कळलं. ज्वारी काढून झाली होती. उघड्या रानातून ती फेरीवाल्यांची पाऊलवाट खुर्चीतून इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत साफ दिसत होती. म्हणजे सहा वर्षं अमीनसाहेबांना आबा जाताना दिसत होते. डोळे होते तेव्हाही त्या माणसानं आबांपुरते ते मिटून घेतले होते.

मग माझी झोप गेली. चतुर्थी जवळ आली होती, आबा माल भरायला जाणार. त्यांना काय सांगावं? रानवाटेनं येऊ नका म्हणायची छाती नव्हती. या म्हणण्याइतका कोडगा झालो नव्हतो. अमीनसाहेबांसारखं दुसरीकडं बघावं? पण मला मिळालेला शिपाई नवा होता आणि उत्साही होता. त्याची नजर घारीची. आणि मालधक्क्यावर माझ्याबद्दल काय बोललं गेलं होतं ते सगळ्या जालन्याला माहीत होतं. मी आबांना काहीच सांगितलं नाही. भ्यालो होतो, दुसरं काय.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी शिपाई म्हणाला, "साहेब, रानात गाठोडंवाला दिसून राह्यला."

मी बघितलं. चाल ओळखायला जवळ यायची गरज नव्हती. उजवा खांदा जरा खाली, दर दहा पावलांनी गाठोडं सावरायचं. शिपायानं काठी उचलली. मी त्याला थांब म्हणालो. तेवढ्यात आबा रानवाटेवरच थांबले. गाठोडं खाली ठेवलं. कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. मला वाटलं, दमले. मग त्यांनी गाठोडं परत पाठीवर घेतलं आणि रानवाट सोडून, रस्त्यावर येऊन सरळ नाक्याकडं चालू लागले.

मी खुर्चीवरून उठायला लागलो. दोन गाडीवाले माल दाखवायला उभे होते. आबा लांबूनच हळू आवाजात म्हणाले, "बस. उठू नको. लोक बघून राह्यलेत."

मी बसलो. बाप उभा आणि मी बसलेला. नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी विसरलो, ही विसरलो नाही.

"बांगड्या हायेत, साहेब," आबा म्हणाले. त्यांनी गाठोडं माझ्यापुढं सोडलं. शिपाई मोजायला वाकला तर त्याला म्हणाले, "राहू दे. म्या सांगतो. साहेबांनी लिहावं." त्यांनी पहिली माळ घेतली. आखडलेल्या बोटांनी एक-एक बांगडी पुढं सरकवत मोठ्यानं मोजायला लागले. दहा. अकरा. बारा.

मालधक्क्यावरची हकीकत मी त्यांना सांगितली नव्हती. कुणी सांगितली असेल? कादराबादेत बांगड्या भरायला गेले असतील, तिथं कळली असेल. बारावर त्यांचं बोट थांबलं. एवढ्या आयुष्यात त्या तोंडून बांगडीवर जो आकडा मी ऐकला नव्हता, तो मला आता ऐकायचा नव्हता. मी लेखणी वर उचलली.

"तेरा," आबा म्हणाले. "लिही."

सगळ्या माळा त्यांनी तशाच मोजल्या. मी लिहीत गेलो. अक्षर दिसेना, तरी लिहीत गेलो. नुक्ते मात्र एकही चुकला नाही. कर दिला, पावती घेतली, घडी करून पटक्यात खोवली. गाठोडं उचलून देण्यापुरता मी उठलो, तेवढं त्यांनी उठू दिलं. मी गाठ आवळत असताना ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "सरकारला तेरा सांगितले. बायांना आपलं बाराच सांगंन. ते तुझ्या कागदात लिहू नको."

मी लिहिलं नाही. आज लिहितो आहे.